डाव्या दिव्यावरचा पंजा

"हात काढा, उम्म बदावी."

"नाही काढत. तूच मागं हो."

"मला दिवा उघडायचाय, तुमचा हात नाही."

"त्या काचेवर माझ्या मेंढ्याचं रक्त आहे. तू त्याच्यावर ओलं फडकं मारणार, आणि उद्या माझं पोरगं पुन्हा कालव्यात जाणार. मग त्याला बाहेर काढायला कोण येईल? तू, का ती वर बसलीय ती तुझी बायको?"

बायकोचा विषय निघाला तसा बय्यूमीनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. रमजानचे शेवटचे दिवस होते. असरची, म्हणजे दुपारनंतरची बांग होऊन गेली होती आणि रोजा सुटायला अजून दीड तास होता. या वेळेला तांतात कुणी कुणाशी भांडू नये, असं तो दरवर्षी ठरवायचा. कारण यावेळी सगळ्यांच्याच पोटात कावळे ओरडत असतात आणि कुणाच्याच तोंडात सिगारेट नसते.

दुकानासमोर सात सीटची जुनी फ्रेंच गाडी उभी होती, तांता ते महल्ला या दोन शहरांमधल्या लाइनवर चालणारी. तिच्या मागं काळ्या झग्यातली, बुटकी, रुंद, पासष्टीची उम्म बदावी, म्हणजे बदावीची आई, डाव्या टेललॅम्पवर पंजा दाबून उभी होती. त्या पंजाखाली आणखी एक पंजा होता. तोही तिचाच, चाळीस दिवसांपूर्वी रक्तात बुडवून उठवलेला, आता वाळून तपकिरी पडलेला. तिचा मुलगा बदावी, गाडीचा मालक आणि ड्रायव्हर, चाळिशीचा बाप्या, स्टुलावर बसून स्वतःच्या चपलेचं निरीक्षण करत होता. उद्या सकाळी गाडीचं पासिंग होतं. दिवा असाच राहिला तर पासिंग होणार नव्हतं, आणि पासिंग नाही तर लाइन नाही.

उस्ता म्हणजे मिस्त्री. उस्ता बय्यूमी एकतीस वर्षं गाड्यांचे फक्त दिवे बघत आलाय. इंजिनाला तो हात लावत नाही. त्याचं म्हणणं, इंजिन म्हणजे गाडीचं पोट, ते ज्याचं त्यानं सांभाळावं. दिवा म्हणजे गाडीची जीभ, तिचा मागच्याशी संबंध. आता तांतात साइड दाखवायला इंडिकेटर कोण वापरतो? डावीकडं वळायचं तर ड्रायव्हरचा हात बाहेर, उजवीकडं वळायचं तर शेजारच्या प्रवाशाचा हात बाहेर, थांबायचं असेल तर आधी हॉर्न आणि मग देवाचं नाव. पण वर्षातून एकदा पासिंग येतं. तेव्हा सगळ्यांना एकदम आठवतं की आपल्या गाडीला मागंही दिवे आहेत, आणि बय्यूमीच्या जिन्याखालच्या दुकानापुढं रांग लागते.

त्याची कामाची पद्धत गावात चेष्टेचा विषय आहे. गाडी आली की तो गाडीकडं बघतच नाही. मालकाला स्टुलावर बसवतो आणि हकीम विचारतो तसं विचारतो, दुखणं कधीपासून, आदल्या दिवशी काय केलं होतं, गाडीला नवं काय लावलं, जुनं काय काढलं. मालक छातीवर हात ठेवून सांगतो, वल्ला, देवाशपथ, काहीच केलं नाही, आपोआप झालं. बय्यूमी मान डोलावतो आणि मग उठतो. पेनाच्या नळीत बसवलेला छोटा बल्ब, एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला वायर आणि चिमटा, एवढंच त्याचं हत्यार. ब्रेकचं पॅडल दाबून धरायला झाडूचा दांडा, सीट आणि पॅडल यांच्यामधे अडकवलेला. चिमटा पत्र्याला लावायचा, सुई वायरीला टोचायची. बल्ब लागतो किंवा लागत नाही. वायर खोटं बोलत नाही, असं तो म्हणतो. मालक बोलतो, पण त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं, मालकाला घरदार असतं, वायरीला नसतं.

आणि गाडीनं जे सांगितलं ते तो दुकानाबाहेर काढत नाही. चौकातला केमिस्ट एकदा सकाळी आला, उजवा इंडिकेटर भराभर मिचकावतोय म्हणून. काल खांबाला घासली, म्हणाला, बायकोला कळू देऊ नका. दुपारी त्याची बायको आली, चालत. परवा मी भिंतीला लावली होती, उजव्या अंगानं, ह्यांच्या लक्षात यायच्या आत तेवढं बघा. बय्यूमीनं एकाच दिव्याचा एकच बल्ब बदलला, दोघांना वेगवेगळं 'झालं' म्हणून सांगितलं, आणि ते जोडपं अजून एकमेकांच्या ड्रायव्हिंगची तारीफ करत फिरतंय.

अशा माणसाच्या स्वतःच्या घराची बेल तीन वर्षं बंद आहे. घर दुकानाच्या डोक्यावरच. त्याची बायको करीमान आल्यागेल्याला सांगायची, माझा नवरा फार मोठा विजेचा कारागीर आहे, तेव्हा दार जोरात वाजवा.

चाळीस दिवसांपूर्वीपर्यंत सांगायची. आता ती आल्यागेल्याशी बोलतच नाही.

त्याचं कारण ही गाडी. करीमान आणि उम्म बदावी यांची तीस वर्षांची मैत्री. एकीची भाकरी दुसरीच्या भट्टीत, एकीचं दुखणं दुसरीच्या जिवाला. बदावीनं गाडीला नवा पांढरा रंग दिला होता. एका सकाळी ती धुऊनपुसून समोरच्या दारात उभी होती आणि करीमान सज्जात कपडे वाळत घालत होती. तिला राहवलं नाही. वरूनच ओरडली, अगं बाई, नवरी दिसतेय नुसती, आता ही काय रस्त्यावर राहत नाही, उडणार. बोलणं खरं तर प्रेमाचं. पण दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचं ते माशाल्ला ती विसरली.

त्याच दिवशी दुपारी महल्ल्याच्या रस्त्यावर बदावीपुढं गाढवाची गाडी आडवी आली. त्यानं ब्रेक मारला आणि मागून दुधाची गाडी येऊन धडकली. बदावीची गाडी तिरकी होत थेट कालव्यात. रिकामी होती हे नशीब. बदावी फाटलेला कान आणि एक चप्पल घेऊन वर आला. हातात स्टीअरिंगचं कव्हर होतं. ते का आणलं, हे त्याला आजतागायत माहीत नाही.

मुलगा उडाला, पण कालव्यात. उम्म बदावीला दुसरा पुरावा नको होता. दृष्ट लागली. कुणाची, तर सज्जातून बोललेलीची. तिनं मेंढा कापला, रक्तात हात बुडवला आणि गाडीवर पंजे उठवले. एक बॉनेटवर, एक दारावर, आणि एक मुद्दाम डाव्या टेललॅम्पवर, कारण दुधाची गाडी तिथंच लागली होती, म्हणजे नजर तिथंच लागली होती. तेव्हापासून ती करीमानचं नाव घेत नव्हती. 'ती वर बसलीय ती', एवढंच.

करीमान आधी हसली. मग चिडली. मग गल्लीतल्या बायका तिला बघून तान्ह्या पोरांच्या तोंडावर फडकी ओढायला लागल्या, तेव्हा तिनं सज्जाचं दार लावून घेतलं. कपडे खोलीतच वाळायला लागले. ईदच्या आधी दोघी मिळून शंभर-दीडशे काहक बिस्किटं भाजायच्या, रात्ररात्र हसत. यंदा तुपाचा डबा तसाच पडून होता. हे सगळं बय्यूमीनं सोसलं असतं. पण चार दिवसांपूर्वी रोजा सोडताना तिनं घास हातात धरून विचारलं, "खरं सांगा, माझ्या डोळ्यांत काही आहे का हो?"

बय्यूमी म्हणाला, आहे की, मोतीबिंदू यायला लागलाय. ती हसली नाही. ती खरंच विचारत होती. दुसरीनं घेतलेला आळ तिनं स्वतःच खरा मानला होता, आणि तो कुठल्या सुईनं शोधायचा हे त्याला कळेना.

आणि आज दुपारी बदावी त्याच गाडीत बसून दारात आला. येताना लाजत आला. आधी तीन जणांकडं जाऊन आला होता. एकानं बल्ब बदलले, दुसऱ्यानं फ्लॅशर बदलला, तिसऱ्यानं सगळं बघून गाडी विकायचा सल्ला दिला. तक्रार अशी, की ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो आणि पार्किंग लाइट विझतो. डावीकडची साइड दिली की ब्रेकचा दिवा मिचकावतो. बय्यूमीनं त्याला स्टुलावर बसवलं. नवं काय लावलं? काही नाही उस्ता. जुनं काय काढलं? वल्ला, काही नाही.

"रोज्यात एक खोटं बोललास तर मी दोन धरतो," बय्यूमी म्हणाला आणि उठला.

झाडूचा दांडा अडकवून तो गाडीमागं आला. डिकीतून हात घालून त्यानं दिव्याच्या होल्डरला एक मोकळी वायर लावली आणि तिचं दुसरं टोक साफ पत्र्यावर टेकवलं. क्षणात सगळे दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. म्हणजे बल्ब ठीक, फ्लॅशर ठीक, दिव्याचं अर्थिंग गेलेलं. वीज म्हणजे शेतातलं पाणी. पुढं निघून जायची वाट बुजली, की ते शेजारच्या वाफ्यात शिरतं. ब्रेकची वीज घरी जायला वाट शोधत इंडिकेटरच्या दारात शिरत होती.

वाट कशानं बुजली, तेही दिसलं. काचेला धडकेचा तडा होता, आणि तड्यातून मुंग्यांची ओळ आत चालली होती. रमजानमधे भर दुपारी राजरोस जेवणारं त्या गल्लीत तेवढंच कोणी होतं. पंजाचं रक्त तड्यातून झिरपून होल्डरवर साकळलं होतं, खालच्या पत्र्याला गंजून पोपडे आले होते.

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. पण बय्यूमीची सवय, वायर एका टोकाला सापडली की ती दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. तो पुढं आला आणि फ्यूजचं झाकण काढलं. ब्रेकच्या घरात फ्यूज नव्हता. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून कोंबलेला होता. जळलेला खरा फ्यूज कोपऱ्यात पडला होता, काळा ठिक्कर. मग त्यानं मागच्या सीटखालची चटई उचलली. ब्रेकच्या वायरीला मधेच सोलून दोन वायरी जोडल्या होत्या, वर मागच्या काचेकडं जाणाऱ्या, आणि त्या तिथंच तुटलेल्या. वायरीवर निळी पट्टी.

त्या दोन वायरींना काय लटकायचं ते गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. ताटाएवढा निळा डोळा, भोवती तीस बल्ब, ब्रेक मारला की झगमगणारा. उम्म बदावीनं तो शेजारच्या गावच्या उरुसातून आणला होता, मुलाला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. बदावीनं तो लावला ब्रेकच्या वायरीवर. तीस बल्बांचा भार त्या बिचाऱ्या फ्यूजला कसा झेपणार? फ्यूज उडाला, आणि त्याच्याबरोबर ब्रेकचे दिवेही गेले. आणि तो डोळा तर अपघातात कालव्याच्या तळाशी गेला. म्हणजे फ्यूज उडाला तो कालव्याच्या आधी. म्हणजे दुधाच्या गाडीवाल्याला पुढची गाडी थांबतेय हे दिसलंच नव्हतं. म्हणजे करीमान सज्जात यायच्या आधीच सगळं ठरलं होतं.

बय्यूमी चटई हातात धरून बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर बघितलं तर बदावी छताकडं बघत होता.

"पाठीत उसण भरलीय का, उस्ता?"

"नाही. तुझ्या बापाला आठवत होतो. सरळ माणूस होता."

बदावीनं पुन्हा चपलेकडं बघितलं. बय्यूमीनं विषय तिथंच सोडला. गाडीनं सांगितलेलं दुकानाबाहेर काढायचं नाही, हा नियम त्यानं केमिस्टसाठी पाळला, एका मास्तरांसाठी पाळला, एका हवालदारासाठीसुद्धा पाळला. तो आता बायकोसाठी मोडायचा? घशापर्यंत आलेलं त्यानं गिळलं, आणि रोज्यात तेवढंच गिळायला परवानगी आहे असं स्वतःला सांगितलं. काच बदलायला म्हणून स्क्रू ड्रायव्हर उचलला, तेवढ्यात बय्यूमी पंजा धुतोय ही बातमी गल्लीतून पळत गेली आणि उम्म बदावी तिच्या मागून पळत आली.

तर ती अशी हात दाबून उभी होती.

"बरं, नाही धूत," बय्यूमी म्हणाला. "हात तिथंच ठेवा, फक्त बोटं जरा फाकवा. मी पुढं जाऊन बसतो. मागं उभ्या राहून सांगा मी काय करतोय."

"मी काय तुझी हेल्पर आहे?"

"आज दुसरं कोणी नाही."

तो आत बसला. दांडा काढून त्यानं पाय पॅडलवर दाबला.

"डावीकडं वळतोयस," ती मागून म्हणाली.

"आता?"

"आताही डावीकडंच. किती वळशील? घाणीचा बैल आहेस का?"

बय्यूमी खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मी थांबलोय, उम्म बदावी. दोन्ही वेळा थांबलोय. मागचा समजतोय मी वळलो, म्हणून तो उजवीकडून घुसणार. उजवीकडं तुमचं पोरगं प्रवाशांचं सामान उतरवत असेल."

तिनं दिव्याकडं बघितलं. हात दिव्यावरून सरकला, पण निघाला नाही. रक्त रक्ताचं काम करतं, ती म्हणाली, दिव्यानं दिव्याचं करावं. नजर मोठी असली की दिवा काय, लोखंडसुद्धा फुटतं. त्या दिवशी दिव्यांनी काय वाचवलं? त्या दिवशी तर पंजाही नव्हता. त्या दिवशी फक्त एक जीभ होती, वर सज्जात.

बय्यूमी उतरला. गाडीला वळसा घालून बदावीच्या स्टुलासमोर उकिडवा बसला, अगदी नेहमीसारखा, जणू गाडी आत्ताच आलीय.

"बाळ, मी तुला दुपारपासून एकच विचारतोय. मेंढा कापला त्या दिवसाचं नाही विचारत. त्याच्या आधीचं."

"उस्ता, मी जरा पाणी..."

"रोजा आहे."

"तोंड धुवायला."

"बस. मी काही सांगणार नाही, तुला माहीत आहे. गाडी तुझी, जीभ तुझी. फक्त वर एक बाई आहे, तिनं तुला लहानपणी तिच्या पोराआधी ताट वाढलंय. ती आरशात बघायचं सोडून बसलीय. तेवढं ध्यानात ठेव आणि मग म्हण, वल्ला काही नाही."

बदावीनं फाटक्या कानाला हात लावला. मग आईकडं न बघता, चपलेशी बोलावं तसा बोलायला लागला. ब्रेकचे दिवे आधीच गेले होते. आठ दिवस. त्याला ठाऊक होतं. पासिंगला बघू म्हणून ठेवलं होतं; तो चंदेरी कागद कालव्यानंतर कोंबला. कोण बघतो मागं?

"आठ दिवस?" उम्म बदावी म्हणाली. "आणि कशानं गेले?"

त्यानं चपलेचा पट्टा ओढला.

"बदावी. कशानं गेले?"

"निळ्या डोळ्यानं, अम्मा. तीस बल्ब होते त्याला. फ्यूज उडाला. मी लावला तो चुकीच्या वायरीवर."

"मी आणलेला."

"तू आणलेला."

उम्म बदावीनं बय्यूमीकडं वळून डोळे बारीक केले. "तुम्ही दोघांनी मिळून रचलंय हे. तुझ्या बायकोला सोडवायला."

बय्यूमी उठला. पुढं जाऊन कोपऱ्यातला जळका फ्यूज आणला आणि तिच्या मोकळ्या तळहातावर ठेवला. मग चटई उचलून त्या दोन तुटक्या वायरी दाखवल्या. निळी पट्टी तिनं ओळखली. तिच्याच शिवणाच्या डब्यातली होती, डोळा लावताना बदावीनं तिच्याकडूनच मागून नेली होती.

ती फ्यूज उलटासुलटा करून बघत राहिली, आतली वितळलेली तार, काळा थेंब. अर्ध्या तोळ्याची वस्तू. गल्लीतून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. कनाफाच्या मिठाईच्या भट्टीचा वास आला.

"मला का नाही सांगितलंस?" तिनं मुलाला विचारलं. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता.

"तू तो पायपीट करून आणला होतास. दुसरं काही नको, डोळाच हवा म्हणून. मी कालव्यातून वर आलो तेव्हा तू म्हणत होतीस, कुणी केलं हे माझ्या पोराला, कुणी केलं." बदावीनं पहिल्यांदा मान वर केली. "मग तू म्हणालीस, करीमाननं. मला बरं वाटलं, अम्मा. खोटं नाही बोलत. तुझं नाव येणार नव्हतं."

उम्म बदावीचा दुसरा हात केव्हाच दिव्यावरून निघाला होता. तळव्याला तपकिरी भुकटी लागली होती. ती तिनं झग्याला पुसली, आधी सावकाश, मग जोरात, जशी बाई कणकेचे हात पुसते.

"म्हणजे काच बदलू का?" बय्यूमीनं विचारलं. "नवी आहे माझ्याकडं. जुनी तुम्हाला कागदात गुंडाळून देतो, घरी ठेवा. पंजा तसाच राहील."

 ती फ्यूज मुठीत तसाच धरून दुकानापुढून निघाली.

"उम्म बदावी, काच..."

तिनं मागं वळून बघितलं नाही. तिचं घर समोर, गल्लीच्या पलीकडं. ती गल्लीकडं वळली नाही. भिंतीला एक हात लावून, गुडघ्यावर दुसऱ्या हाताची मूठ टेकवत, ती जिन्याची पहिली पायरी चढली, मग दुसरी.